बुडीत खातं

कयाकिंगला कुठे जावं, असं मला बरेच जण विचारतात. मी भोपाळला राहते, इथल्या बड्या तलावावर आठवड्यातून दोन-तीन सकाळी कयाक वल्हवते आणि सुट्टी मिळाली की दुसरं पाणी शोधत निघते; त्यामुळे प्रश्न माझ्यापर्यंत येणं साहजिक आहे. माझी यादीही आता पक्की झाली आहे. पावसाळा संपला की सह्याद्रीत कोयनेचा शिवसागर, तापोळ्याहून किंवा बामणोलीहून. पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं तर मुळशी. हिमालय हवा असेल तर गढवालातली टिहरी, कोटी कॉलनीच्या धक्क्यावरून. नर्मदा हवी असेल तर खंडवा जिल्ह्यातलं हनुवंतिया. आणि रोजच्यासाठी आमचा भोपाळचा तलाव आहेच.

या पाचही जागा बांध घालून अडवलेल्या पाण्याच्या आहेत. त्यांतल्या चार जागी पाण्याखाली गावं आहेत. त्या गावांत राहिलेली माणसं किंवा त्यांची मुलं-नातवंडं आज हयात आहेत. माझ्या आवडीच्या सगळ्या जागा कुणाच्या तरी नावडत्या आठवणीवर तरंगत असाव्यात, हा योगायोग नव्हे. कयाकला जे पाणी लागतं ते असंच तयार होतं, आणि डोळ्यांना जे आवडतं तेही.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं ताणून शिवलेलं कातडं, आणि माप ज्या शिकाऱ्याची होडी त्याच्याच अंगाचं. सावज बिचकू नये म्हणून ती आवाज करत नाही आणि पाण्याला लगटून असते. आज प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसून आपण शिकार करत नाही, नुसतं पाहत जातो. पण तिचे जुने गुण तसेच आहेत. बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर असतात. इतक्या खालून डोंगर आहेत त्यापेक्षा उंच वाटतात आणि पाण्याचा आरसा होतो. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पाण्यात सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभागावरून सुमारे दोन टक्केच प्रकाश परत फिरतो, म्हणून तळाकडे नजर जाऊ शकते. नजर जसजशी तिरकी होते तसतसा परत फिरणारा प्रकाश वाढत जातो, आणि अगदी पाण्यालगत पाहिलं तर आभाळ आणि डोंगर एवढंच दिसतं. मोठ्या लाँचच्या टपावरून जे पाणी हिरवट-मातकट दिसतं, तेच कयाकमधून निळं दिसतं. खालचं काही पाहायचं असेल तर होडीच्या कडेवरून मुद्दाम वाकावं लागतं.

धरणाचा तलाव इतका देखणा का असतो, याचंही कारण आहे. नैसर्गिक तळं सहसा एखाद्या खोलगट बशीसारखं असतं, काठ सावकाश उतरत जाणारा. धरणाचं पाणी मात्र डोंगरदरीत चढतं. जुने ओढे होते तिथे अरुंद खाड्यांसारखी पाण्याची बोटं आत शिरतात, टेकड्यांचे माथे बेटं होतात, डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरून भूशिरं होतात. जंगलाचा उतार थेट पाण्याला भिडतो. प्रवाह थांबलेला असल्यामुळे सकाळी वारा सुटेपर्यंत पाण्यावर सुरकुती नसते. हनुवंतियाच्या आसपासची बेटं, बामणोलीहून वासोट्याकडे जाताना दोन्ही बाजूंनी आत वळणाऱ्या त्या पाण्याच्या गल्ल्या, टिहरीत भागीरथी आणि भिलंगनेच्या दोन दऱ्यांत फाकलेलं पाणी, यांचं सौंदर्य म्हणजे बुडण्याचाच आकार आहे. बेट सुंदर दिसतं, कारण टेकडीचा बाकीचा भाग पाण्यात गेला आहे. आधी सौंदर्य होतं आणि मग दुर्दैवाने गाव बुडालं, असं इथे म्हणता येत नाही. एकाच कृतीतून दोन्ही आली.

म्हणून प्रश्न उभा राहतो. माझ्या डोळ्यांना मिळणारं सुख दुसऱ्याच्या घर गमावण्यातून घडलं असेल, तर ते सुख मी घ्यावं का? घ्यायचं तर कसं घ्यावं?

आधी काय काय पाण्याखाली आहे ते पाहू. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. देशातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांपैकी हा एक. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरूद याच लढ्याने दिलं. मुंबईला वीज हवी होती, टाटांना धरण बांधायचं होतं, आणि मावळ्यांच्या भाताच्या खाचरांसह पन्नासच्या आसपास गावं जायची होती. लढा हरला, धरण झालं, आणि आज त्या काठावर शनिवार-रविवारी मोटारींना जागा मिळत नाही. कोयनेचं पाणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चढलं. तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. कोयना खोऱ्यातली काही कुटुंबं डोंगरावर वर सरकली, बरीच ठाणे-रायगडाकडे पाठवली गेली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसांना खालच्या दमट मुलखात नव्याने सुरुवात करावी लागली.

टिहरी हे तर शहर होतं. १८१५ साली सुदर्शन शाह यांनी वसवलेली गढवालची राजधानी: राजवाडा, घंटाघर, बाजार, संगम. सुंदरलाल बहुगुणा वर्षानुवर्षं भागीरथीकाठी झोपडी करून धरणाला विरोध करत राहिले. २६० मीटरहून उंच भिंत उभी राहिली, २००५ च्या ऑक्टोबरात शेवटचा बोगदा बंद झाला आणि पाणी चढू लागलं. लोक डोंगरावर वसवलेल्या नव्या टिहरीत गेले. तिथल्या गच्च्यांवरून तलाव अगदी सुरेख दिसतो. हनुवंतिया ज्या इंदिरासागरावर आहे तो साठवणक्षमतेत देशातला सगळ्यांत मोठा जलाशय. त्यात हरसूद हे गाव गेलं, आणि आणखी सुमारे अडीचशे खेडी. १९८९ च्या सप्टेंबरात याच हरसूदमध्ये देशभरातून हजारो लोक जमून विनाशकारी विकासाला विरोध करण्याची शपथ घेऊन गेले होते. ३० जून २००४ ही गाव रिकामं करण्याची शेवटची तारीख होती. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, कारण विटा, चौकटी आणि पत्रे नव्या जागी न्यायचे होते. त्यानंतर बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच पाण्याच्या काठी पहिला जलमहोत्सव भरला: तंबू, फुगे, जलक्रीडा.

या सगळ्यावर पहिलं उत्तर सौंदर्यशास्त्राकडून येतं, आणि ते हलक्यात काढण्यासारखं नाही. कांटने १७९० सालच्या ग्रंथात राजवाड्याचं उदाहरण घेतलं आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे का, असं कुणी विचारलं तर त्यावर नाना तऱ्हेची उत्तरं देता येतील. रूसोसारखं असंही म्हणता येईल की गोरगरिबांचा घाम असल्या निरुपयोगी डामडौलावर खर्च करणाऱ्या बड्यांचा धिक्कार असो. कांट म्हणतो, तुमचं म्हणणं मान्य, पण प्रश्न तो नव्हताच. राजवाडा असावा की नसावा, तो कसा बांधला, माझ्या काय उपयोगाचा, हे सारं बाजूला ठेवून केवळ पाहण्यात जो आनंद होतो, प्रश्न त्याच्याबद्दल होता. पुढे १९१२ साली एडवर्ड बुलोने हेच ‘अंतरा’च्या भाषेत मांडलं. त्याचं उदाहरण योगायोगाने पाण्यावरचंच: समुद्रात धुकं दाटलं की खलाशाला आणि प्रवाशाला धास्ती वाटते; पण धास्ती क्षणभर बाजूला सारता आली तर तेच धुकं दुधी, मऊ, अद्भुत दिसतं. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी १९७४ सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त दाखवलं की सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत. अलौकिकतावादी ध्रुवावर सौंदर्याचा अनुभव व्यवहारापासून, नीतीपासून, उपयोगापासून सुटा आणि स्वयंपूर्ण असतो. लौकिकतावादी ध्रुवावर तो बाकीच्या जगण्याशी जोडलेला असतो. यातला एक ध्रुव खोडून टाकला तर संकल्पनाच लुळी पडते.

मला ही मांडणी धरणाच्या पाण्यावर फार उपयोगी वाटते. सकाळी सहाला टिहरीच्या पाण्यावर असताना बर्फाच्या ओळीवर पहिलं ऊन पडतं तेव्हा जे होतं ते अगदी सुटं असतं. त्याला बुडालेल्या शहराचा इतिहास ठाऊक नसतो आणि तो ठाऊक झाल्याने ते खोटंही ठरत नाही. दुष्ट हेतूने बांधलेली इमारत सुंदर असू शकते. तेव्हा ‘हे सुंदर नाहीच’ असं म्हणणं हा नैतिक बाणेदारपणा नव्हे. तो डोळ्यांवर केलेला खोटा आरोप आहे. पण बुलोच्या उदाहरणात एक गोष्ट नकळत येऊन गेली आहे. धुक्यातल्या जहाजावर पाहणारा आणि धास्तावलेला एकाच बोटीत आहेत. जहाज आपटलं तर दोघंही बुडतील. धास्ती बाजूला सारणाऱ्याने स्वतःचीच धास्ती बाजूला सारलेली असते. शिवसागरावर मी जे अंतर राखते ते दुसऱ्याच्या दुःखापासूनचं असतं, आणि ते राखायला मला काहीच मोजावं लागत नाही. अंतर तेच, पण त्याची किंमत कुणी दिली हा प्रश्न वेगळा.

आपल्या रससिद्धान्तातही इथे पाऊल अडखळतं. करुणरसाचा आस्वाद सुखाचा का होतो, याला जुन्या आचार्यांनी दिलेलं उत्तर असं की रंगमंचावरचा शोक कुणा एकाचा राहत नाही. तो नटाचा नसतो, प्रेक्षकाचा नसतो. ‘माझा’ आणि ‘परक्याचा’ ही खूण गळून पडते, त्याचं साधारणीकरण होतं. धरणाच्या पाण्यातला शोक मात्र फार काटेकोरपणे कुणाचा तरी असतो. त्याला सर्व्हे नंबर असतो, खातेदाराचं नाव असतं, मोबदल्याच्या अर्जाचा आवक क्रमांक असतो. त्याचं साधारणीकरण करणं, म्हणजे ‘काळाच्या उदरात गडप झालेली गावं’ असा उसासा टाकून पुढे वल्हवणं, हे रसिकतेचं लक्षण वाटत असलं तरी तिथे एका खऱ्या माणसाचं नाव पुसलं जातं.

दुसरं उत्तर काळाचं आहे, आणि ते भोपाळला राहणाऱ्या माणसाच्या अगदी अंगावर येतं. आमचा बडा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून केला, असं मानतात. २००२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. वनविहाराच्या बाजूने जाताना थव्याने उतरलेले पक्षी दिसतात, बोट क्लबच्या बाजूला राज्याच्या अकादमीतली मुलं शर्यतीच्या कयाक पळवत असतात. त्या पाण्याखालीही कधी तरी कुणाची शेतं असतील. त्यांच्यासाठी कुणी हळहळत नाही, आणि हळहळावं असं मलाही वाटत नाही. मग हजार वर्षांनी जे पाणी निर्मळ झालं ते शंभर वर्षांनी का होऊ नये? मुळशीला शंभर झालीच. टिहरीलाही होतील. तेव्हा आत्ताच एवढा जीव का जाळावा?

यावर विचार करताना मला भोपाळजवळचाच दुसरा तलाव आठवतो, जो आता नाही. भोजपूरला भोजाच्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराजवळ याहून कितीतरी मोठा जलाशय होता. पंधराव्या शतकात होशंगशाहाने त्याचा बांध फोडला. दंतकथा सांगते की बांध फोडायला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं. आज त्या तळात गव्हाची शेतं आहेत. मंडीदीप या कारखान्यांच्या गावाच्या नावातला ‘दीप’ म्हणजे ‘द्वीप’, त्या तलावातलं बेट, असं म्हणतात. तिथे गहू पिकवणारा शेतकरी कुणाच्या तलावावर नांगर चालवत नाही. कारण तो तलाव परत मागणारं कुणी उरलेलं नाही.

मला वाटतं, पाणी निर्मळ होतं ते वर्षांनी होत नाही. ते मागणारा उरला नाही म्हणजे होतं. मागणारा दोन प्रकारांनी नाहीसा होतो: त्याचा हिशेब चुकता झाला म्हणून, किंवा मागून मागून तो दमला, मेला म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. काळ दोघांनाही सारखंच शांत करतो. म्हणूनच ‘काळावर सोडा’ हा सल्ला धोक्याचा आहे. तो देणाऱ्याला माहीत असतं की काळ नेहमी धरणाच्याच बाजूने असतो.

दक्षिण गोव्यातलं कुर्डी हे गाव साळावली धरणात गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे जन्मगाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दरवर्षी काही आठवड्यांसाठी गाव उघडं पडतं: घरांची जोती, वाळलेले बुंधे, देवळाची जागा. आणि दरवर्षी तिथले जुने रहिवासी परत येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं चॅपलचं फेस्त करतात, आणि पाऊस लागला की आपापल्या नव्या पत्त्यावर जातात. त्या पाण्यावर दक्षिण गोव्याची तहान भागते. ते पाणी सोडा असं कुणी म्हणत नाही. पण मागणारे आहेत हे दरवर्षी येऊन ते दाखवून देतात. चाळीस वर्षं होत आली तरी काळाला त्यांनी आपल्या वतीने बोलू दिलेलं नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत अडचणीचं. कयाक चालवणाऱ्यालाच का धरता? मुळशी आणि कोयनेच्या विजेवर मुंबईच्या लोकल धावल्या, गिरण्या चालल्या, दिवे लागले. टिहरीचं पाणी दिल्लीच्या नळांना येतं. नर्मदेचं पाणी भोपाळ आणि इंदूर पितात, मीही पिते. ज्याने आयुष्यात कधी होडीत पाऊल ठेवलं नाही त्याचाही हात या पाण्यात ओला आहे. उलट कयाकवाला या सगळ्यांत निरुपद्रवी. तो पाणी पीत नाही, वीज घेत नाही, तेलाचा तवंग सोडत नाही. वल्ह्याच्या दोन पात्यांच्या खुणाही मिनिटभरात मिटतात. हे सारं खरं आहे. नुकसानीचा हिशेब केला तर कयाकवाल्याचा वाटा शून्याला टेकतो.

पण दोष आणि देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दिवा लावणाऱ्याची आणि त्या जागेची गाठ कधी पडत नाही. माझी पडते. मी तिथे जाते, जागा आवडली म्हणून जाते, आणि परत येऊन चार जणांना सांगते की जा. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या ओसरीवर बसून समोरच्या देखाव्याचं कौतुक करणाऱ्याने यजमानाचं नाव विचारू नये, तसं ते होईल. त्याने घर पाडलेलं नाही, त्याच्यावर गुन्हा नाही. तरीही नाव विचारणं त्याच्याकडे लागतं. गुन्ह्याचं ओझं नसताना उरणारं हे देणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या बहुतेक सुखांची गत अशीच आहे. आपण ती हिसकावलेली नसतात, पण ती आपोआप उगवलेलीही नसतात.

मग ते देणं फेडायचं कसं? पहिला मोह शोक करण्याचा. काठावर उभं राहून डोळे भरून आणावेत, होडीत न बसता परत यावं. बामणोलीला लाँच चालवणाऱ्या एका वयस्क काकांशी बोलताना हा मोह माझ्यापुरता निकालात निघाला. त्यांचं जुनं गाव कुठे होतं असं मी विचारलं, तर त्यांनी पाण्यातच बोट दाखवलं. “ते काय, ती पिवळी होडी उभी हाय ना, तिच्या बरोबर खाली. आमचं खळं होतं तितं.”

“रोज त्यावरनं होडी नेताना वाईट वाटत असेल, काका.”

“ताई, रोज वाईट वाटून घेतलं तर लाँच कोन चालवनार? पानी आता आमचंच म्हनायचं. मासं बी त्यातच, धंदा बी त्यातच. पानी उतरलं की गाळपेर करतो, तेवढाच दाना घरात येतो.” मग इंजिनाकडे बघत म्हणाले, “वाईट वाटतं ते निराळंच. भावकीतली निम्मी घरं तिकडं रायगडाला गेली. तीन पिढ्या झाल्या, जमिनीचं कागूद आजून पुरं न्हाई. त्याचं कुनी इचारत न्हाई. पान्यात काय व्हतं ते समदे इचारत्यात.”

शेवटच्या दोन वाक्यांत काकांनी माझ्या प्रश्नाची बाजू बदलून टाकली. पाण्यात काय होतं हे विचारणं सोपं आहे; ते भूतकाळातलं आहे, त्यात सौंदर्यही आहे, बुडालेल्या देवळाच्या कळसाइतकं छायाचित्रासाठी दुसरं काय चांगलं? पण माणसं पाण्यात नाहीत. ती रायगडातल्या, ठाण्यातल्या, नव्या हरसूदमधल्या, नव्या टिहरीतल्या घरांत आहेत, आणि त्यांचं मागणं आजचं आहे. तळाकडे भावुकपणे पाहत राहणं हीसुद्धा त्यांच्यावरून नजर फिरवण्याचीच एक रीत ठरू शकते. शिवाय तलाव हा त्यांच्यासाठी केवळ जखम नाही. तोच आता त्यांचा रोजगार आहे, आणि पाहुण्याने येऊन सुतकी चेहऱ्याने त्यांच्या रोजगाराकडे पाहावं ही अपेक्षा त्यांनी केलेली नाही.

मराठीत धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या भागाला ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात आणि जे कर्ज वसूल होण्याची आशा सोडली त्याला ‘बुडीत कर्ज’. सरकारी कागदावर आणि वाण्याच्या वहीत एकच शब्द. मला तो शब्द नेमका वाटतो. जमीन बुडाली हे निस्तरता येत नाही. धरण फोडा असं बामणोलीचे काकाही म्हणत नाहीत. पण जमीन बुडाली म्हणून तिच्यापोटी असलेलं देणंही बुडीत खात्यात टाकावं, हे मात्र कुठल्याही निसर्गनियमाने होत नाही. ते माणसं करतात, आणि बहुतेक वेळा न बोलता करतात. त्या न बोलण्यात देखण्या जागेचं नाव सांगणाऱ्याचाही थोडा वाटा असतो.

म्हणून मी यादी मागे घेत नाही, यादी पुरी करते. तापोळा सांगितलं की कोयनेचे धरणग्रस्त कुठे गेले आणि त्यांचं काय राहिलं आहे तेही सांगते. हनुवंतिया सांगितलं की हरसूद सांगते, आणि जाताना वाटेत छनेरा लागतं, तिथे नव्या हरसूदमध्ये उतरून चहा प्या असंही. टिहरीला कोटी कॉलनीहून पाण्यात शिरण्याआधी वर नव्या टिहरीत एक रात्र काढा, तिथल्या माणसांच्या हॉटेलात, तिथल्या माणसांशी बोलत. स्थानिकांच्या होडीला त्यांनी सांगितलेला दर घासाघीस न करता द्या. मे महिन्यातही एकदा जा. ऑक्टोबरातल्या भरलेल्या तलावाचं चित्र सगळ्या जाहिरातींवर असतं; मे महिन्यात पाणी उतरून काठाला झाडाचं पानही नसलेला तांबडा पट्टा उघडा पडलेला असतो, त्यावर गाळपेरीचे हिरवे तुकडे असतात, आणि जोती दिसतात. तीही तीच जागा आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींना हे ओझं वाटतं. कयाकिंगचं विचारलं आणि ही पुनर्वसनाचं सांगत बसली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण बाकीच्यांना, अगदी त्या पाण्यावर गेल्यावरसुद्धा, हे जाणून पाहण्यात काही कमी झालं असं वाटलेलं नाही. मलाही नाही. होडीच्या कडेवरून वाकून पाहिलं आणि पुन्हा मान वर केली, तरी डोंगर तिथेच असतात, तितकेच सुंदर.

या साऱ्यातून एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार देते, आणि ती मागची नसून पुढची आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोला केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली. आमच्याच राज्यात, बुंदेलखंडात, केन नदीवर दौधनचं धरण व्हायचं आहे. बुंदेलखंडाला पाणी हवं आहे, ते किती हवं आहे हे त्या उन्हात एकदा गेलेल्यालाही कळतं. पन्नाच्या व्याघ्रप्रकल्पातलं मोठं जंगल त्या पाण्यात जाईल, आणि आदिवासींची गावं जातील. त्यांतलं एक दौधन स्वतः. हे धरण व्हावं की न व्हावं, पाण्याला दुसरे मार्ग आहेत की नाहीत, यावर जाणती माणसं भांडत आहेत आणि त्यांनी भांडलं पाहिजे. पण धरण झालं तर तिथला तलाव देखणा होणार, यात मला शंका नाही. दरी तशी आहे. सोंडा पाण्यात उतरतील, टेकड्यांची बेटं होतील, सकाळी पाणी निश्चल असेल. पंचवीस वर्षांनी कुणी तरी कयाकिंगच्या आवडत्या जागांत ते नाव घालेल आणि ते चूक असणार नाही.

फक्त ते सौंदर्य आज, आगाऊ, जमेच्या बाजूला मांडलं जाऊ नये. जलपर्यटन, बेटं, होड्या, महोत्सव ही चित्रं आता प्रकल्पांच्या वर्णनात आधीपासूनच येऊ लागली आहेत. सिंचनाचं क्षेत्र, विजेचे मेगावॅट यांची तुलना गमावलेल्या जमिनीशी करता येते, त्यावर आकड्यांनी वाद घालता येतो. सौंदर्याशी वाद घालता येत नाही. म्हणूनच ते हिशेबात शिरलं की समोरच्याचं तोंड बंद करतं. घडून गेलेल्या नुकसानातून सौंदर्य हाती आलं तर ते कृतज्ञतेने घ्यावं आणि मागणाऱ्यांची नावं लक्षात ठेवावीत. व्हायच्या नुकसानाचं समर्थन म्हणून जे पुढे केलं जातं ते सौंदर्य नव्हे, ती लाच आहे, आणि ती आमच्यासारख्या पाण्यावर जीव असलेल्या माणसांच्या नावाने दिली जाते. दौधनच्या माणसांनी आपली घरं सोडावीत म्हणून माझ्या आवडीचा हवाला कुणी देऊ नये, एवढं तरी मला आज, ते पाणी चढण्याआधी, म्हणता येतं.